सेवासमाप्तीचा तास

शैलजा गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या संध्याकाळीही तिचा कामगार कायद्याचा तास नेहमीसारखा झाला. आजारपणात तिने शिकवण्यासाठी स्वतःची संगणकीय प्रतिकृती कॉलेजला दिली होती. पडद्यावर तोच चेहरा, तोच आवाज. शेजारच्या तालुक्यातल्या त्या कॉलेजात ती गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, प्रतिकृतीलाही नाही.

पुढच्या महिन्यात तिच्या नवऱ्याने, बाजीराव खराड्यांनी, त्याच वर्गात नाव घातलं.

"काका, या वयात युनियन काढताय की काय?" शेजारच्या बाकावरच्या निलोफरने विचारलं. बाजीराव नुसते हसले.

त्या दिवशी धडा सेवासमाप्तीचा होता. राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी शिकवून झाली.

"मॅडम, आणि माणूस मेला तर?" निलोफर म्हणाली.

"करार तिथेच संपतो. त्याची प्रतिकृती कामावर असेल तर तीही बंद करावी लागते. पण मालकाला आपोआप कसं कळणार? घरच्यांनी कळवायचं असतं."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर ती बिचारी राबत बसेल." वर्ग हसला. मग मॅडमची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. "अहो, तुम्हाला काही विचारायचंय का?"

वर्गाला ते अनोळखी माणसाला म्हटलेलं 'अहो' वाटलं. मॅडमलाही तसंच वाटलं असेल. घरी शैलजा बाजीरावांना याच शब्दाने हाक मारायची.

"नाही," ते म्हणाले.

तास संपला तेव्हा ऑफिस उघडं होतं. बाजीराव त्याच्या दारावरून एसटी स्टँडकडे गेले.

घरच्यांनी अजून कळवलेलं नाही.