दाराजवळची जागा

"उद्या रेल्वेचा साहेब आपल्या पॉवर हाऊस स्टेशनवर येऊन राहिला. सांगू त्याले, डबे वाढव नाहीतं आणखी एक गाडी दे," बेबीताई म्हणाल्या. "येतं ना संग, वंदना?"

"मले नाही जमत, ताई. पीयूषचा पेपर आहे."

"पेपर तुया पोराचा, तू काय करतं घरी? का तुले गर्दीच गोड लागते?"

वंदना नुसती हसली. रायपूरच्या लोकलमधल्या झाडून साऱ्या बाया गर्दीला शिव्या घालत; हिच्या तोंडून कधी अवाक्षर नाही. आत शिरायला मिळालं तरी ही दाराजवळच उभी. कुम्हारी आलं की बायांचा आणखी एक लोंढा घुसे. त्यात एक पोटुशी पोरगी असे, रायपूरला कापडाच्या दुकानात कामाला जाणारी. लोंढा तिला बरोबर वंदनापाशी आणून टाकी. मग वंदना दोन्ही हातांनी दांडे धरून तिच्याभोवती कुंपण करी आणि सगळ्या डब्याचे धक्के स्वतःच्या पाठीवर घेई. दोघी एकमेकींशी शब्दानं बोलत नसत. पोरगी कधीकधी तिच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटे. एवढ्या रेट्यात कोणाचं डोकं कोणाच्या खांद्यावर, हे बघायला कोणाला सवड होती?

त्या दिवशी कुम्हारीला पोरीचा एक पाय पायरीवर होता आणि गाडी हलली. मागून रेटा आला, दांड्यावरचा हात सुटला. बेबीताईंनी वेणी धरून तिला आत ओढलं म्हणून वाचली. वंदनानं तोंडात पदर कोंबला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे सगळ्यांत आधी तीच उभी होती. साहेब सवयीनं "देखेंगे" म्हणाले, तशी तिनं त्यांचे पायच धरले.

"साहब, एक गाड़ी और दे दो. वो बच्ची मर जाएगी!"

साहेब गडबडले. "कौन बच्ची? आपकी कौन लगती है?"

वंदनानं डोळे पुसले. "कोई नहीं, साहब."

गाडी मिळाली. पहिल्याच दिवशी डबा अर्धा रिकामा. बेबीताई बाकावर ऐसपैस बसून मटार सोलायला लागल्या. वंदना मात्र दाराजवळ उभी.

कुम्हारी आलं. पोरगी निवांत चढली. वंदनासमोर थांबली, तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मागून कोणी ढकललं नाही. वंदनानं दांडा घट्ट धरला आणि मान खाली घातली. पोरगी पोट सांभाळत पार पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

"जा ना, बस तिच्यापाशी," बेबीताई म्हणाल्या. "आता तं जागा आहे. बोल दोन शब्द."

वंदना जागची हलली नाही. मोनाली पळून जाऊन कुम्हारीच्या पोराशी लग्न करून बसली, त्या दिवशी नवऱ्यानं वंदनाचा हात पीयूषच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती: या पोरीला आपली म्हणायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, आपणहून तिला जवळ करायचं नाही. गर्दीनं लेक अंगावर आणून टाकली तर काय, याबद्दल मात्र शपथेत काही नव्हतं.