दुसरीकडचा चुडा

शर्मिष्ठा मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला दुकानात आली, पण जयंतीची नजर पत्रिकेवर नाही, थेट तिच्या मनगटांवर गेली. दोन्ही हात हिरव्यागार बांगड्यांनी भरलेले. लग्नाचा चुडा भरून झाला होता, आणि तो जयंतीकडचा नव्हता.

बोरीवलीच्या त्या गल्लीत जयंतीचं बांगड्यांचं दुकान सगळ्यात जुनं. शर्मिष्ठाच्या स्वतःच्या लग्नाचा चुडा तिनेच भरलेला, डोहाळजेवणाच्या बांगड्याही तिच्याच. आणि आता ही बया परक्या बांगड्या वाजवत तिच्याच काउंटरवर अक्षता ठेवत होती.

"कुठे भरलास गं?"

"प्रियंकाकडे. कोपऱ्यावरच्या."

झालं. जयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रियंका, काल आलेली पोरगी. दुकानात एसी काय, बसायला गुबगुबीत खुर्ची काय. सवतीचा दागिना बघावा तशी जयंती त्या बांगड्यांकडे बघत राहिली.

"घरातल्या सगळ्याजणींनी तिथेच?"

"सगळ्याजणींनी. विहीणबाईंनीसुद्धा."

"भुललीस तिच्या थाटाला. तिला माप तरी कळतं का? ढगळ घातल्यात बघ."

"असतील," शर्मिष्ठा म्हणाली. "संक्रांतीला तुझ्याकडे भरल्या तेव्हा रक्त आलं होतं माझ्या हाताला."

"एक बांगडी वाढली, त्याचं एवढं धरून बसलीस?"

"बांगडीचं नाही गं. तू फोनवर बोलत होतीस. बोलता बोलताच म्हणालीस, हात दगड झालाय तुझा, त्याला मी काय करू. दुकानातल्या सगळ्या हसल्या."

ती भांडायला आली असती तर जयंतीने चार शब्द सुनावले असते. ती साधंच बोलत होती, त्यामुळे जास्त झोंबलं.

"घरचं समजून बोलते मी तुला."

"हो ना. प्रियंका परकं समजून बोलते. बरं वाटतं."

तेवढ्यात वाजू लागलेला फोन जयंतीने उलटा करून ठेवला, फळीवरून डबा काढला आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन बांगड्या निवडल्या.

"बस. त्यातच माझ्याही दोन भर. पैसे नकोत मला. लग्नात तुझ्या हातात माझं काहीतरी दिसू दे."

लग्नघरची बाई, कुणाला दुखवायचं शर्मिष्ठाच्या जिवावर आलं. तिने स्टूल ओढून हात पुढे केला.

जयंतीने तो हात हातात घेतला. हळूच दाबला, मऊ केला. दुखलं का विचारावं म्हणून तिने मान वर केली. बांगड्या भरताना शर्मिष्ठाच्या तोंडाकडे तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

बांगडी अजून बोटांना लागलीही नव्हती. शर्मिष्ठाने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि दात आवळून धरले होते.