तिसरी हाक

“पाय कसे व्हते तिचे?” मार्तंडबुवांनी विचारलं.

“उलटे,” उषा खाली मान घालून म्हणाली.

“सावली?”

“पडत नव्हती.”

बुवांनी समाधानाने मान हलवली. कुंभार पिंपळगावाहून वाटूरजवळच्या या वस्तीवर बैलगाडीने येता येता त्यांचं अंग आंबून गेलं होतं, पण कामात हयगय त्यांना खपत नसे. दिसेल त्याला नुसतं ‘भूत’ म्हणणाऱ्यांचा तर त्यांना भारी राग. वैद्य सगळ्या तापांना एकच काढा देतो का? आधी जात ओळखायची, मग उतारा.

“गिऱ्हा असंल का, बुवा?” उषाच्या सासूने, नंदाबाईने, भीत भीत विचारलं. “विहिरीपाशी दिसली म्हून म्हनते.”

“गिऱ्हा पानी सोडून बांधावर येत न्हाई. चकवा असता तर नावानं बोलावलं असतं. तुमच्या गड्याला काय ऐकू आलं?”

गडी कचरू खांबाला चिकटून बसला होता. काल दिवेलागणीला तिला ज्वारीच्या बांधावर पाहून तो वैरणीचा भारा टाकून पळाला होता.

“‘त्यांना सांग, मी आले,’ म्हनली. आवाज बराबर थोरल्या मालकिनीचा.”

“त्यांना म्हंजी मालकाला. नाव घेतलं का?”

“न्हाई.”

“बघा! मेल्यावरबी नवऱ्याचं नाव घेत न्हाई. सवाष्ण गेलेली हाय. जखीण ही.”

थोरली मालकीण म्हणजे नंदाबाईच्या मुलाची, भुजंगची, पहिली बायको, दुर्गा. चार वर्षांपूर्वी पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत सगळे घरदार सोडून पळाले, तेव्हा ती दुधना नदीच्या पुरात वाहून गेली. प्रेत मिळालं नाही. वर्षभर वाट पाहून घरच्यांनी गवताचा पुतळा जाळला, तेरावा घातला आणि उषाला दुसरेपणावर आणली. सवतीच्या नावाची चांदीची पुतळी उषाच्या गळ्यात बांधली. नवं लुगडं आधी त्या पुतळीला दाखवायचं, मग नेसायचं. आता उषाला सातवा महिना लागला होता, आणि परवा तीच सगळ्यांच्या आधी जखिणीला पाहून विहिरीवरून धापा टाकत आली होती.

“जखिणीचा डोळा सवतीच्या पोटावर असतो,” बुवा म्हणाले. “लेकराकडंच बघून राह्यली ती.”

भुजंग पुढे सरकला. “बुवा, आपन पुतळाच जाळला. समजा, ती जित्ती असली तर?”

बुवा रागावले नाहीत. माणूस बायकोला जीव लावून बसला होता, त्याला काय बोलायचं?

“त्याचाच तर नेम हाय. मेलेल्याला दोन हाका मारता येत्यात, तिसरी येत न्हाई. दोन हाका येऊ द्या. बिलकुल ओ द्यायची न्हाई, दिली की तो मानूस तिचा झाला. पन तिसरी आली, तर मी सोता दार उघडीन.”

“अन् न्हाई आली तर?”

“मंग सकाळी शिवंवर खिळा ठोकून तिची वाट बंद करायची. त्याच्यानंतर दिसली, की गावानं दगडानं हानायची. दुसरं काही न्हाई.”

भुजंगचा चेहरा उजळला. बिचाऱ्याची आशा अजून सुटली नव्हती.

दिवेलागण झाली. बुवांनी उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढून विळा आडवा ठेवला. नेम पाळायला उषाइतकं तत्पर घरात कुणी नव्हतं. बुवांनी मागायच्या आत तिने मोहरी आणून दिली, खिडकी लावली, कडी घातली आणि दाराच्या फटीशी पोट सांभाळत बसली.

“तिथं नको बसू, पोरी,” बुवा म्हणाले.

“हिथंच वारं लागतंय,” ती म्हणाली.

अंगणात पावलं वाजली. कुत्रं एकदाच भुंकलं आणि मग कुईं कुईं करू लागलं.

“भ्यालं,” कचरू पुटपुटला.

“आवो, दार उघडा.”

नंदाबाईने तोंडात पदर कोंबला. भुजंगचे ओठ हलले. बुवांनी त्याचा खांदा दाबला.

“आवो, मीच हाय. दुर्गा.”

“जखीणबी असंच म्हनती,” बुवा कुजबुजले. “आता थांबा.”

भुजंग उठून दाराशी गेला. त्याचा हात कडीवर होता. सगळ्या घराचा जीव कानात गोळा झाला होता. एकच हाक यायची होती, आणि ती यावी म्हणून तो मनातल्या मनात देवाला आळवत होता. बाहेर कुणीतरी घसा खाकरला.

तेवढ्यात उषा किंचाळली.

“आई गं! पोट! पोट धरलं तिनं!”

ती जमिनीवर लोळू लागली. नंदाबाई धावली, कचरूने गळा काढला, भुजंगने कडीवरचा हात काढून बायकोला सावरलं. बुवा मोठमोठ्याने मंत्र म्हणत मोहरी उधळू लागले. त्या गोंधळात कुणाचं कुणाला ऐकू येईना.

उषाचं ओरडणं थांबलं तेव्हा बाहेर सामसूम होती. बुवांनी बराच वेळ कान दिला.

“तिसरी आली न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “जखीणच.”

भुजंग भिंतीला टेकून हमसाहमशी रडला. त्याची बायको त्या दिवशी खरी मेली. नंदाबाईने सुनेची दृष्ट काढली. पहाटे उठून शिवेवर जायचं म्हणून बुवांनी खिळा उशाशी ठेवला.

उषा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोटात दुखत नव्हतं. तिच्या किंकाळीखाली बुडालेली तिसरी हाक तिने एकटीनेच ऐकली होती, आणि ती भुजंगला मारलेली नव्हती.

“उषे, परवा विहिरीवर माझ्या फडक्यातली भाकर खाल्लीस ना गं! तू तरी सांग त्यांना, मी जित्ती हाय म्हून!”