पिकअप

अर्धांगाच्या झटक्यातून उठल्यापासून तात्यासाहेबांची एकच तक्रार होती: गाडीला पिकअप राहिला नाही. गॅरेजवाल्याला गाडीत काहीच सापडलं नाही. जोर त्यांच्या उजव्या पायातला गेला होता, पण घरात ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. शेवटी मुलानं, इंद्रजीतनं, त्यांना न सांगता अ‍ॅक्सिलरेटरला एक छोटं यंत्र बसवून आणलं. आता पाय नुसता टेकला तरी गाडी उसळायची.

पैठण रोडला लागताच तात्यासाहेब खुलले. "मी म्हणत नव्हतो? गाडीच नाटकं करत होती!"

"व्हय तात्या," शेजारी बसलेला इंद्रजीत म्हणाला.

चितेगावच्या अलीकडं पुढची कंपनीची बस एकाएकी थांबली. तात्यासाहेबांनी ब्रेक दाबला, पण पायात जोर भरेना; त्यांची गाडी बसला टेकता टेकता राहिली.

तात्यासाहेबांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"पिकअपसाठी काय बसवलंस रं?"

इंद्रजीतनं खरं ते सांगितलं.

"ब्रेकसाठी बी मिळतं का असलं काही?"

तात्यासाहेब उतरले, गाडीला वळसा घालून इंद्रजीतच्या दाराशी आले.

"सरक तिकडं."