सुतक कोणाला लागतं

“सुचिताले तीन दिवस. लग्न झालेल्या पोरीले तीनच लागते,” ओट्यावर बसून भाऊराव घरातल्या एकेकाचं सुतक सांगत होते. “आमाले समद्यायले दहा. अन् दामिनीले… तिले नाही लागत. नुसतं साक्षगंध झालं होतं. लगन कुठं झालं?”

आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या दामिनीनं ते ऐकलं. सकाळीच ती वडिलांबरोबर पांढुर्ण्याहून मोहगावला आली होती. दिवाळीनंतर ज्याच्याशी तिचं लग्न व्हायचं होतं तो स्वप्निल परवा रामाकोन्याच्या वळणावर मोटारसायकलवरून पडला आणि जागच्या जागी गेला. साक्षगंधाची अंगठी अजून तिच्या बोटात होती.

भाऊराव काही वाईट माणूस नव्हे. स्वप्निलचे मोठे काका. पुतण्याला खांदा देऊन परतले तेव्हा भिंत धरून लहान पोरासारखे रडले होते. पण रीत म्हणजे रीत, आणि ती सांगायला घरात दुसरं वडीलधारं कोणी नव्हतं. स्वप्निलचा बाप कधीच गेलेला.

या लागण्याचंही एक विचित्रच आहे. पुण्याकडे माणसाला चहा हवा असतो. सौंसर-पांढुर्ण्याकडे चहासुद्धा लागतो. भूक लागते, नोकरी लागते, उन्हात हिंडलं की ऊन लागतं. आणि एकदा सोयरीक जुळली की कालपर्यंत अनोळखी असलेली माणसं आपली कोणीतरी लागू लागतात, तेही इतक्या सहज की विचारू नका. दामिनी साक्षगंधापासून स्वप्निलच्या आईला फोनवर ‘आई’च म्हणत होती.

शेजारची जयवंता बसायला आली. तिनं दामिनीला खालीवर पाहिलं.

“हे पोरगी कोण लागते वो तुमची?”

सुचितानं, स्वप्निलच्या बहिणीनं, आईकडे पाहिलं. आई, मनकर्णा, समोरच्या खुंटीकडे बघत होती. खुंटीला स्वप्निलचा शर्ट होता. तिरडी उचलल्यापासून तिनं अन्नाचा कण घेतला नव्हता की तोंडातून शब्द काढला नव्हता.

“पाहुणी असन,” जयवंतानंच उत्तर देऊन टाकलं आणि पदर सावरून ती बाजूला बसली.

दामिनीला वाटलं, ओरडून सांगावं. पण काय सांगणार? सांगायला शब्द तर हवा.

तेवढ्यात भाऊराव दाराशी आले. त्यांचा आवाज मऊ होता.

“बेटा, घरातले देव अंधारात हायेत. आमचा कोनाचा हात चालत नाही. तुले काही लागत नाही, तं तूच लाव दिवा.”

माणसं किती सरळ मनानं किती लागेल असं बोलून जातात. दामिनी उठली. देव्हाऱ्यात वात तेलात घातलेलीच होती. तिनं काडी ओढली, पण वातीला लावली नाही, नुसती काडीच्या ज्योतीकडे बघत राहिली. काडी जळत जळत बोटाशी आली आणि हातातून खाली पडली. पेटीत अजून काड्या होत्या, पण तिनं पेटी मिटवून देवापुढे ठेवून दिली.

“मोठेबाबा, माह्यानं नाही होत.”

स्वप्निल त्यांना मोठेबाबा म्हणायचा. “राहू दे, राहू दे” म्हणत भाऊराव ओट्यावर परत गेले.

सुचितानं घरच्यांची पानं वाढली. भात आणि बिनफोडणीचं वरण. आईपुढेही ताट ठेवलं, आधीच्या ताटांसारखं न शिवता परत जाणार हे माहीत असूनही. दामिनीला अर्थातच कोणी वाढलं नाही.

“दामिनी, चल,” अंगणातून तिचे वडील अरविंद गुरुजी म्हणाले. “सौंसरची गाडी येऊन राहिली.”

अरविंद गुरुजींनी घरून निघतानाच तिला बजावलं होतं, भेटायचं आणि निघायचं, तिथं रेंगाळायचं नाही. पोरीचं अख्खं आयुष्य पुढे आहे, उद्या तिच्या नावाला काही चिकटायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तेही रडले होते.

दामिनी दाराकडे गेली नाही. ती मनकर्णेच्या ताटासमोर येऊन बसली.

“आई, जेवा ना.”

मनकर्णेनं खुंटीवरची नजर काढली. दामिनीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सावकाश भातावर वरण घेतलं, कालवलं आणि घास केला. सुचिताला वाटलं, आई जेवतेय! पण तो हात आईच्या तोंडाकडे वळला नाही. तो दामिनीच्या ओठांशी येऊन थांबला.

“अगं, काय करून राहिली तू!” अरविंद गुरुजी धावत उंबऱ्यापर्यंत आले. “सुतकाचं अन्न आहे ते! खाल्लं का खाणाऱ्याले सुतक लागते!”

त्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दामिनीनं तोंड उघडलं. घास अळणी होता. तिनं तो नीट चावून चावून खाल्ला. मग मनकर्णेनं दुसरा घास केला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सुचितानं डोळ्यांना पदर लावला.

अरविंद गुरुजी आत आले. पोरीला दंडाला धरून उठवावं म्हणून ते वाकले. दामिनी अंग चोरून मागे सरकली, मनकर्णेच्या अगदी जवळ.

“हात नका लावू मले, बाबा,” ती म्हणाली. “तुमाले लागन.”