नदीपलीकडचं बोलावणं

रेबेकाला उपदेशक नवऱ्याची किळस यायची. अहेरीच्या चर्चमध्ये तो दर रविवारी रडून सांगायचा, “देव मला नदीपलीकडच्या महारोग्यांच्या वस्तीत बोलावतोय.” सोमवारी त्याचा गुडघा दुखायचा, नाहीतर वाघ निघायचा. वस्तीत जाणारा गोरा पाद्री मायदेशी परतल्यापासून तीन वर्षं हेच. “देवानं बोलावलं का तुमाले ताप येते, जेवाले बोलावलं तर कसे पयता!” ती म्हणायची. एकदा वस्तीतली बुधरी अंगणाबाहेर उभी राहिली. “बाई, जखम धुऊन देता?” रेबेका घरातल्या नवऱ्याला ओरडली, “अवो, तुमचं बोलावणं आलं!” “मी तुमालेच म्हणून राह्यली, बाई,” बुधरी म्हणाली. रेबेकाला उमगलं, हाक तिलाही आली होती. नवऱ्याला हिणवत ती त्याच्याच आड लपली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली. जखम धुऊन ती बुधरीसोबत नावेत बसली. “सयपाक कोण करन?” नवऱ्यानं काठावरून विचारलं. तिनं वळूनही पाहिलं नाही.