मिठागराची वाट

गुणाबाई आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण. मागे सून मोनालीनं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलेल्या धवल्यातली एक ओळ बदलली आणि जुनी पुसली गेली. ती गुणाबाईलाही पुन्हा आठवली नाही. तेव्हापासून सासू एकही शब्द बदलू देत नव्हती. आता उलव्याच्या नवरीला धवल्यात मिठागराच्या वाटेऐवजी विमानतळाचा रस्ता हवा होता. मोनालीनं प्रत्येक प्रत जपणारं गिट सॉफ्टवेअर टाकलं, आधी गुणाबाईच्या आईकडून आलेला जुना धवला त्यात नोंदवला आणि मग नवी ओळ लिहून वाचली. "माज्या आयची वाट बुजवलीस ना?" गुणाबाईनं विचारलं. "आई, ऐका तरी," म्हणत मोनालीनं एक कमांड दिली आणि परत आलेली मिठागराची ओळ वाचून दाखवली. गुणाबाईनं ती गाऊन पडताळली. "ही आता जानार नाय?" "नाही." गुणाबाई सैलावली. "मंग नुसता रस्ता कशाला? नवरीला विमानातच बसव!"